विमाप्रतिनिधीचा परवाना आणि त्याचे शिक्षण

(भिवंडी येथे विमाप्रतिनिधी, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कानाला रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. परवाना, त्याची मुदत, त्याचे नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षण या गोष्टी कार्यालयातील फायलींत शोभणाऱ्या आहेत, व्याख्यानाच्या व्यासपीठावर नव्हेत, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. विमागणित हा माझा विषय नव्हे. परंतु माहिती खात्यात काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. शासनाचा निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत होतो, राजपत्रात छापला जातो, आणि ज्याच्यासाठी तो झाला त्या माणसापर्यंत पोहोचताना वाटेत कुठेतरी अडतो. विम्याच्या बाबतीत ती वाट बहुतांशी एकाच माणसाच्या दारावरून जाते, आणि तो माणूस म्हणजे विमाप्रतिनिधी. त्याला नियम ठाऊक असेल तर विमेदाराला ठाऊक होतो. त्याला जो नियम ठाऊक नसेल, तो विमेदारापुरता अस्तित्वातच नसतो.

थोडे मागे जाऊ. आपल्या देशात विमा व्यवसायाला शिस्त लावणारा मूळ कायदा १९३८ सालचा. त्याच्या ४२ व्या कलमाने प्रतिनिधीला परवाना आवश्यक ठरविला. परवाना कोणाला मिळू नये, हेही त्या कलमात सांगितले होते: अज्ञान व्यक्ती, मनाने विकल व्यक्ती, अफरातफर किंवा फसवणूक यांसारख्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरलेली व्यक्ती. अटी योग्यच होत्या. पण प्रतिनिधीला विम्याचे काही ज्ञान असले पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. माणूस वयात आलेला, शहाणा आणि निष्कलंक असला म्हणजे पुरे. तो काय विकतो आहे हे त्याला समजते किंवा नाही, हा प्रश्न कायद्याने ६० वर्षे विचारला नाही.

त्या काळात महाराष्ट्रात विम्याची परंपरा क्षीण होती, असे मात्र नव्हे. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली आणि मुंबई-कलकत्त्याबाहेरच्या एका जिल्ह्याच्या गावात आयुर्विम्याचा कारभार उभा राहू शकतो हे दाखवून दिले. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा आकाशवाणीवरून करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हेही महाडजवळच्या नाते गावचे, म्हणजे आपल्या कोकणचेच. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि २४५ विमा कंपन्या व भविष्यनिधी संस्था एका छत्राखाली आल्या. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या १ जानेवारीपासून अमलात आले. या सर्व काळात प्रतिनिधी वाढले, खेडोपाडी पोहोचले, आणि 'एलआयसीवाले काका' ही महाराष्ट्राच्या गावोगावची ओळखीची व्यक्ती झाली. तिच्यावरचा विश्वास हेच तिचे भांडवल होते.

ज्ञानाची अट आली ती १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण कायद्याने. मूळ कायद्याच्या ४२ व्या कलमात भर घालून आवश्यक पात्रता, प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद करण्यात आली. त्याप्रमाणे २००० साली जी विनियमावली निघाली तिने परवान्यासाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा अशी वाट आखली. पाच हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ठिकाणी राहणारा उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, त्याहून लहान गावातला दहावी उत्तीर्ण चालेल, असा भेदही केला. परीक्षेचे काम मुंबईच्या भारतीय विमा संस्थेकडे देण्यात आले. परवान्याची मुदत तीन वर्षांची. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावयाचे तर २५ तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावयाचे आणि २५० रुपये शुल्क भरावयाचे. आजच्या आपल्या विषयाचा उगम हा त्या २५ तासांत आहे. २००७ साली सुरुवातीचे १०० तास ५० वर आणण्यात आले, कारण इतके दिवस रोजगार बुडवून वर्गात बसणे अनेकांना परवडत नव्हते. या तक्रारीत तथ्य होते.

आता त्या २५ तासांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. तीन वर्षांत २५ तास म्हणजे वर्षाला आठ-साडेआठ तास, महिन्याला पाऊण तासही नव्हे. ज्याच्या शब्दावर एखादे कुटुंब २० वर्षांचे हप्ते भरते, त्याच्याकडून एवढीच अपेक्षा होती. तरीही ती अनेक ठिकाणी हजेरीपत्रकावरच्या सहीने भागविली जात असे, हे या सभागृहातील जुन्या मंडळींना मी सांगावयास नको. आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्यातील शिक्षकांना व शासकीय कर्मचाऱ्यांना रुचणार नाही. सेवकाने स्वतः विम्याचा व्यवसाय करू नये, एवढेच नव्हे तर पत्नीच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावे असलेल्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाइके मिळवू नयेत, असे शासकीय सेवकांचे वर्तणूक नियम सांगतात. तरी व्यवहारात परवाना सौभाग्यवतींच्या नावाचा, प्रशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या त्या, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत सहकाऱ्याला योजना समजावून सांगणारे गुरुजी, असा प्रकार महाराष्ट्रात अनेकांनी पाहिला आहे. शिस्तीचा भाग बाजूला ठेवला तरी ज्याने शिकावयाचे तो शिकत नव्हता आणि जो शिकला तो बोलत नव्हता, असा हा उलटा व्यवहार होता. ज्या भगिनींनी स्वतः शिकून स्वतःच हा व्यवसाय केला, त्यांना हे अर्थातच लागू नाही. अशा भगिनी या सभागृहातही आहेत.

२०१५ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. प्राधिकरणाने परवाना देण्याची पद्धत गेली आणि विमा कंपनीनेच प्रतिनिधीची नेमणूक करावयाची अशी व्यवस्था आली. तिची विनियमावली १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली. दहावी उत्तीर्ण व्हावे, परीक्षा द्यावी, उत्तीर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत पहिली नेमणूक घ्यावी. आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्य विम्याची एक, अशा प्रत्येक प्रकारच्या एकेका कंपनीचे काम करता येते. नेमलेल्या प्रतिनिधींची एक मध्यवर्ती यादी ठेवली जाते, आणि काळ्या यादीत गेलेल्यांचीही. पात्रता नसता प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत आणि अशा माणसाकडून व्यवसाय घेणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र तीन वर्षांची मुदत गेली, नूतनीकरणाचा अर्ज गेला आणि त्याबरोबर ते २५ तासही गेले. प्रशिक्षणाची जबाबदारी आता नेमणाऱ्या कंपनीवर आहे.

अनेकांनी या बदलाचे स्वागत केले, कारण नूतनीकरणाची धावपळ वाचली. ती वाचली हे चांगले झाले. वेळेवर नूतनीकरण न झाल्यामुळे परवाना बंद पडल्याची उदाहरणे पूर्वी होतच असत. परंतु कंपनीचे प्रशिक्षण स्वभावतः नव्या योजनेविषयी असते. ती योजना कशी विकावी, हे त्यात चांगले शिकवितात. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या पॉलिसीला आज कोणता नियम लागू पडतो, हे शिकविण्यात कंपनीच्या विक्री विभागाला फारसे स्वारस्य नसते, आणि त्यात त्यांचा दोषही मानता येणार नाही. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाने विमा विकणाऱ्या प्रत्येकावर वर्षाला किमान १५ तासांचे शिक्षण बंधनकारक केले आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी २४ तास भरावे लागतात आणि त्यातील तीन तास केवळ व्यावसायिक नीतीसाठी राखलेले असतात. आपल्याकडे वैयक्तिक प्रतिनिधीपुरते हे बंधन सैल झाले आहे. माझ्या मते ते कोणत्या ना कोणत्या स्वरूपात परत यावयास हवे. पण येईपर्यंत थांबून चालणार नाही, कारण नियम आपल्यासाठी थांबलेले नाहीत.

किती वेगाने ते बदलले याची थोडी उजळणी करू. युनिटशी जोडलेल्या योजनांत पैसे अडकून राहण्याची मुदत १ सप्टेंबर २०१० पासून तीन वर्षांवरून पाच झाली. ज्याने २००८ साली 'तीन वर्षे भरा आणि काढून घ्या' हे वाक्य पाठ केले आणि पुढे वाचन सोडले, त्याचे पाठांतर दोनच वर्षांत शिळे झाले. ४५ व्या कलमाखाली पूर्वी दोन वर्षे उलटल्यावरही लबाडी सिद्ध करून कंपनी दावा नाकारू शकत असे. २०१५ पासून तीन वर्षे पूर्ण झाल्यावर आयुर्विम्याची पॉलिसी कोणत्याही कारणास्तव वादात ओढता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करण्याची मुदत २०१९ च्या नियमांनी पाच वर्षे केली, युनिटशी जोडलेल्या योजनांसाठी तीन. २०२४ साली पॉलिसी पसंत नसल्यास परत करण्याचा अवधी १५ ऐवजी ३० दिवस झाला. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा कमाल काळ ४८ महिन्यांवरून ३६ वर आला, आणि सलग ६० महिने विमा चालू राहिला असेल तर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आयुर्विमा पॉलिसी एक वर्षाचा हप्ता भरून सोडून दिली तरी काही रक्कम परत मिळण्याची व्यवस्था झाली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर उठला. यातील एकेक गोष्ट कोणाच्या तरी घरातल्या पैशाशी निगडित आहे. २०२० च्या टाळेबंदीत गावी निघून गेलेल्या आणि हप्ते चुकलेल्या कामगाराला 'तुझी पॉलिसी मेली' असे सांगून परत पाठविणाऱ्या प्रतिनिधीला पुनरुज्जीवनाची पाच वर्षांची मुदत ठाऊक नसेल, तर त्या अज्ञानाची किंमत कामगाराने मोजली.

आता भिवंडीकडे वळू. या गावाइतके विम्याचे गुंतागुंतीचे प्रश्न महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील, असे मला वाटते.

यंत्रमागाचा धंदा घ्या. येथील बहुसंख्य मागमालक मजुरीवर कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचे, विणून झालेले कोरे कापडही व्यापाऱ्याचे. मालकाचे असतात ते माग आणि त्याची मजुरी. आग लागली की माग, बीम, सूत, कापड सगळे एकाच वेळी जळते. मालकाने आगीचा विमा उतरविलेला असतो, पण प्रस्तावात 'माझा माल' एवढेच लिहिलेले असते. दुसऱ्याच्या मालकीचा, विश्वासाने ताब्यात दिलेला माल विम्यात धरावयाचा असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे लागते. ते केले नसेल तर विमा कंपनी मागांची भरपाई देईल आणि सुताबद्दल हात वर करील, व्यापारी सुताचे पैसे मागेल, आणि मालक मधल्या मध्ये सापडेल. ही ओळ प्रस्तावात भरावयाची की नाही, हे त्या क्षणी एकटा प्रतिनिधी ठरवीत असतो.

दुसरी गोष्ट विमारकमेची. हप्ता कमी यावा म्हणून माल कमी दाखविण्याची सवय सर्वत्र आहे. समजा, कारखान्यात ४० लाखांचा माल आहे आणि विमा २० लाखांचा घेतला आहे. १० लाखांचा माल जळाला. मालक म्हणतो, विमा २० लाखांचा आहे, मला १० मिळालेच पाहिजेत. परंतु सरासरीचे कलम असे सांगते की, निम्म्या मालाचा विमा असेल तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई. हातात पाच लाख येतात. उरलेल्या पाच लाखांचा विमाधारक तो स्वतःच होता, ही गोष्ट त्याला दाव्याच्या दिवशी प्रथम कळते. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी प्रमाणित पॉलिसी आल्या आहेत. एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि पाच ते ५० कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा. यांत १५ टक्क्यांपर्यंतचा कमीपणा माफ केला जातो. म्हणजे वरच्या उदाहरणात विमा ३४ लाखांचा असता तरी पूर्ण १० लाख पदरात पडले असते. कमीपणा त्याहून अधिक असेल तर प्रमाण लागते. भिवंडीतील बहुतेक माग-कारखाने यांपैकी पहिल्या पॉलिसीच्या मर्यादेत बसावेत. तरीही पूर्वीच्या नमुन्याप्रमाणेच बोलणारे प्रतिनिधी भेटतात.

जुन्या मागांच्या किमतीचा प्रश्न वेगळाच आहे. येथे आलेले कित्येक माग कापड गिरण्यांतून वापरून झालेले होते. त्यांचा विमा घसारा वजा जाता उरणाऱ्या किमतीवर घ्यावा की नवीन यंत्र आणण्याच्या खर्चावर, यातील फरक मालकाला आधी समजला पाहिजे. ज्याला नवा माग घ्यावयाचा आहे त्याला भंगाराच्या भावाची भरपाई मिळाली, तर तो पुन्हा उभा राहू शकत नाही.

पुराचेही असेच. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी ठाणे जिल्हा विसरलेला नाही, आणि कामवारी नदीकाठच्या वस्त्यांना पावसाळा म्हटला की धास्ती असते. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत वादळ व पुराचे संरक्षण समाविष्ट होते. पण ते काढून टाकले तर हप्त्यात सूट मिळत असे. सूट घेणाऱ्यांना आपण कशाच्या बदल्यात ती घेतली, हे प्रत्येक वेळी सांगितले गेले होते काय? दुसरीकडे, जुनाट इमारत केवळ जीर्णपणामुळे कोसळली तर सामान्य आगविमा उपयोगी पडत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतच सुमारे ४० माणसे गेली. अशा प्रसंगी इमारतीच्या विम्याची चर्चा फोल असते. तेथे उपयोगी पडतो तो माणसाचा विमा.

माणसाचा विमा म्हटले की यंत्रमाग कामगार डोळ्यांपुढे येतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा प्रांतांतून आलेला, रात्रपाळी करणारा, आणि कुटुंब गावी ठेवलेला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण आहे, वय १८ ते ७०. जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख, प्रवेशाचे वय १८ ते ५०. नव्याने सामील झालेल्यास पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाने दावा मिळत नाही. दोन्ही योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाल्या आणि हे दर १ जून २०२२ पासूनचे आहेत. पैसे बँक खात्यातून मे महिन्याच्या अखेरीस वळते होतात. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण तुटते. आणि खाते गावच्या बँकेत, माणूस भिवंडीत, पत्नीला योजनेचे नावही ठाऊक नाही, अशी स्थिती असेल तर संरक्षण चालू असूनही दावा कोणी करीत नाही. यात प्रतिनिधीला फारशी मिळकत नाही, हे मला माहीत आहे. परंतु पाळी बदलताना कारखान्याच्या दारात दहा मिनिटे उभे राहून 'तुझ्या घरी हे माहीत आहे काय' असे विचारणारा प्रतिनिधीच त्या वस्तीत पुढे विश्वासाचा माणूस ठरतो.

भाषेचा मुद्दा येथे सांगितलाच पाहिजे. भिवंडीत मराठी आहे, उर्दू आहे, पद्मानगरच्या बाजूस तेलुगू आहे, हिंदी आणि भोजपुरी आहे. प्रस्तावाचा नमुना पुष्कळदा इंग्रजीत असतो. प्रस्तावक ज्या भाषेत सही करतो ती नमुन्याहून वेगळी असेल, किंवा तो अंगठा उठवीत असेल, तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला अशा अर्थाचे निवेदन नमुन्याच्या शेवटी असते आणि त्यावर समजावून सांगणाऱ्याची सही लागते. ही सही जितक्या सहजपणे केली जाते तितकी सहज ती नाही. आजाराविषयीच्या प्रश्नाला विचारण्यापूर्वीच 'नाही' असे उत्तर लिहिले गेले असेल, तर दाव्याच्या वेळी प्रश्न विधवेला विचारले जातात, आणि सही मात्र तिसऱ्याच माणसाची असते.

नामनिर्देशनाबाबतही थोडे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच स्पष्ट केले होते की, नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण मालक वारसच असतात. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांना लाभाधिकारी नामनिर्देशित ठरविण्याची तरतूद केली. तिचा नेमका अर्थ लावताना न्यायालयांपुढे अजूनही वाद येतात. यास्तव लग्नापूर्वी काढलेल्या पॉलिसीवरील आईचे नाव लग्नानंतर तसेच ठेवावयाचे की बदलावयाचे, हे विमेदाराने जाणूनबुजून ठरवावे, विसरून नव्हे. कर्ज काढून माग घेणाऱ्यांसाठी आणखी एक जुना कायदा मोलाचा आहे, तो म्हणजे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे विवाहित पुरुषाने पत्नी व मुलांच्या हितासाठी म्हणून काढलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्त निधी होतो आणि धनकोंना सामान्यतः तिला हात लावता येत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हे कलम हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांनाही लागू झाले. म्हणजे शंभर वर्षे ही सोय उपलब्ध आहे. प्रस्ताव भरतानाच तसे लिहून द्यावे लागते, मागाहून नव्हे. आणि कारखानदारांना हे सांगणारे प्रतिनिधी मला अद्याप फारच थोडे भेटले.

ग्रामपंचायत सदस्यांना वाटत असेल की यात आपला संबंध काय. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे, वळ, सोनाळे या गावांच्या शिवारात आज भातशेतीपेक्षा गोदामे अधिक दिसतात. मुंबईत जकात होती तेव्हा जकातनाक्याच्या अलीकडे माल उतरविण्याची सोय म्हणून त्यांची वाढ झाली, आणि १ जुलै २०१७ ला जकात गेल्यानंतरही महामार्ग व मुंबईचे सान्निध्य यांमुळे ती वाढतच राहिली. परिसरातील ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे नियोजनाचे अधिकार आहेत, तरी गोदामाची नोंद असते ती पंचायतीच्या नमुना ८ मध्ये. विम्याच्या प्रस्तावात बांधकाम कोणत्या प्रकारचे आणि आत काय साठविले आहे, हे लिहावे लागते. कापडाचे गोदाम म्हणून विमा घेतला आणि एका कोपऱ्यात रसायनांची पिंपे ठेवली, तर सर्वेक्षकाच्या अहवालात ती येतात आणि शेजारच्या प्रामाणिक भाडेकरूंचे नुकसान होते ते वेगळेच. पंचायतीने आकारणीच्या वेळी वापराची खरी नोंद ठेवली तर तिचा उपयोग आगीनंतर अनेकांना होतो. आणि गोदाम मालकाची शेती गेल्यावर त्याचे उत्पन्न म्हणजे भाडे. ते बुडाल्यास त्याचाही विमा निघतो, हे गावात सांगावयास हरकत नाही.

मग शिकावयाचे कोठे? मुंबईची भारतीय विमा संस्था १९५५ पासून परीक्षा घेत आहे; लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि त्या नोकरदारांप्रमाणे प्रतिनिधींनाही खुल्या आहेत. प्रतिनिधीच्या प्रवेश परीक्षेचे पाठ्यपुस्तक मराठीत मिळते. जुन्या प्रतिनिधींनी ते नव्याने वाचावे, कारण त्यांनी परीक्षा दिली तेव्हाचे पुस्तक आता राहिलेले नाही. १९८० साली स्थापन झालेली राष्ट्रीय विमा अकादमी पुण्याला आहे. प्राधिकरणाची परिपत्रके प्रसिद्ध होतात. ती इंग्रजीत आणि किचकट असतात, हे खरे. पण दहा-बारा प्रतिनिधींनी महिन्यातून एकदा, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, एकत्र बसून एक परिपत्रक आणि एक नाकारलेला दावा वाचला, तर तीन वर्षांत २५ तासांहून किती तरी अधिक शिक्षण होईल. यात शाळेचा वर्ग वापरता येईल आणि इंग्रजी मजकूर समजावून देण्यास शिक्षकांची मदत होईल. गिऱ्हाइके मिळविण्यास नियमाची आडकाठी आहे, शिकविण्यास नाही. नाकारलेले दावे वाचण्यावर माझा भर आहे. चांगल्या योजनेच्या पत्रकातून माणूस विकावयास शिकतो. कोणती ओळ चुकली की घर उघड्यावर येते, हे नाकारलेल्या दाव्याच्या पत्रातून समजते.

विमेदारांच्या बाजूनेही काही अधिकार आहेत आणि ते त्यांना सांगणे हे प्रतिनिधीचेच कर्तव्य आहे. प्रतिनिधीने आपले नेमणुकीचे पत्र दाखविले पाहिजे. विचारल्यास त्या पॉलिसीवर आपल्याला किती कमिशन मिळते हेही सांगितले पाहिजे. पहिल्या हप्त्यातील काही भाग परत देण्याचे आमिष ४१ व्या कलमाने निषिद्ध आहे. पूर्वी या गुन्ह्याला ५०० रुपये दंड होता, २०१५ पासून तो १० लाखांपर्यंत आहे. कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

निमंत्रणपत्रात केलेल्या विनंतीप्रमाणे काही मंडळींनी आपापल्या पॉलिसी बरोबर आणल्या आहेत, असे दिसते. चहानंतर त्या पुढच्या टेबलावर ठेवाव्यात. पहिल्या पानावरचे नामनिर्देशन, शेवटच्या भरलेल्या हप्त्याची तारीख आणि प्रस्तावाच्या प्रतीतील आजाराविषयीची उत्तरे, एवढ्या तीन गोष्टी आपण प्रत्येक पॉलिसीत पाहू. ज्यांच्याकडे प्रस्तावाची प्रत नाही त्यांनी ती मागण्याचा अर्ज येथेच लिहावा. कागद ठेवले आहेत.